बेन बाहेरच बसायच्या

मी मुलाखतीला गेले तेव्हा बेन टेबलावर उभ्या होत्या. एका हातात साडीच्या निऱ्या, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, आणि खाली एक काळी बकरी कुणाचा तरी अर्ज शांतपणे चघळत होती.

"दीकरा, आधी तिला बाहेर काढ," बेन वरूनच म्हणाल्या. "बाकीचं मग बोलू."

मी बकरीला कानाला धरून बाहेर नेलं, फाटक लावलं आणि परत आले. तोवर बेन खाली उतरून खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची दाराला अगदी लागून. पुढे कळलं, पंखा पडेल म्हणून त्या पंख्याखाली बसत नसत आणि कलंडेल म्हणून कपाटाजवळ.

"तुला बकरीची भीती नाही वाटत?"

"नाही."

"कुत्र्याची? साहेब लोकांची?"

"मला कशाचीच भीती वाटत नाही," मी म्हटलं. मुलाखतीत असंच सांगायचं असतं, असा माझा समज होता.

बेननी माझी फाईल न उघडताच परत दिली. "मग नको, दीकरा. आपलं काम घाबरलेल्या लोकांबरोबर आहे. तुला त्यांचा कंटाळा येईल."

मी बाहेर पडले आणि चिकूच्या झाडांखालून फाटकाकडे चालू लागले. राज्यशास्त्रात एम.ए. होऊन मला वर्ष होत आलं होतं. लोकांनी ग्रामसभेत जावं, प्रश्न विचारावेत, आपल्या गावाचा कारभार कसा चालतो ते बघावं, यासाठी काही काम करायचं, हे मी विद्यापीठात असतानाच ठरवलं होतं. पण असं काम मिळतं कुठे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मुंबईतल्या संस्था अनुभव मागत. ऑनलाइन मुलाखतीत समोरची मुलगी छान हसून "कळवतो" म्हणे आणि पुढे काहीच येत नसे. डहाणू रोडला आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हणजे निवडणुकीत पत्रकं वाटणार का गं?" बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. ते भरतीच्या जाहिराती कापून माझ्या ताटाशेजारी ठेवत. घोलवडच्या या बाईंकडे जा, असं कॉलेजातल्या एका मॅडमनी सुचवलं होतं. हा शेवटचा पत्ता होता.

फाटकापाशी पोचले, पण कडी काढवेना. मी परत फिरले.

"बेन, मला घरी बसून राहायची भीती वाटते," मी दारातूनच म्हटलं. "एवढं शिकून काही उपयोग झाला नाही असं वाटतं. आई काही बोलत नाही, त्याची तर फारच भीती वाटते."

बेननी एक खुर्ची ओढून माझ्यापुढे केली. "हां. आता बस. हे आधी नाही सांगायचं?"

अशी मला नोकरी लागली.

आमचं ऑफिस म्हणजे चिकूचं पॅकिंग चालायचं ती जुनी शेड. बेनच्या वडिलांची वाडी होती. ते गेल्यावर नवसारीला राहणाऱ्या भावाने वाडी दुसऱ्याला चालवायला दिली आणि शेड बेनकडे राहिली. भिंतीला रिकामी खोकी रचलेली असत, आणि किती झाडलं तरी पिकल्या चिकूचा गोड, जडसर वास जात नसे. बेननी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "वरातीतल्या घोड्याची भीती वाटली." खरं कारण मला कधीच कळलं नाही.

भीती सगळ्यांनाच वाटते, पण बेन ती बोलून दाखवत. दुसरी माणसं नमस्कार करतात तितक्या सहज. तहसील कचेरीत साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या की म्हणत, "साहेब, मला तुमची भीती वाटते. आवाज कापेल. पण माझं सगळं ऐकून घ्या." साहेबाला काय करावं ते सुचत नसे. लोक त्याच्यापुढे एकतर हात जोडून उभे राहत, नाहीतर टेबल बडवत. ही गोरीपान, जाड चष्म्याची बाई मांडीवर पर्स घट्ट धरून खरंच कापत असे आणि कापत कापत पाणी, रेशन, रस्ता असं सगळं मागून घेत असे. बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसत आणि मला म्हणत, "पाय गेले. जरा थांबू."

त्यांची एक जुनी स्कूटी होती. ती त्या इतक्या हळू चालवत की सायकलवरची शाळकरी मुलं "केम छो, बेन" म्हणत पुढे निघून जात. उतार आला की दोन्ही पाय जमिनीवर टेकवून घसटत न्यायच्या. मी मागे बसून डोळे मिटून घेत असे. अनोळखी नंबरचा फोन त्या उचलत नसत. फोन माझ्याकडे ढकलून, हातवारे करून सांगत, की आधी कोण आहे ते विचार, मी घरी नाही म्हण, काम काय ते काढून घे.

आणि हीच बाई कैनाडच्या बाजूच्या, आशागडच्या, पार तलासरीपर्यंतच्या पाड्यांवरच्या बायकांना सभेत उभं राहायला शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, तर झाडाखाली एक खुर्ची मांडायची आणि स्वतः साहेब होऊन खुर्चीत बसायची. एकेका बाईने पुढे येऊन आपलं नाव आणि आपला पाडा मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला एवढंच. कोणी तोंडाला पदर लावून हसायची, कोणी पुढे येऊन परत पळायची. बेन खुर्चीतून ओरडत, "आवाज कापला तर कापू दे, थांबायचं नाही! माझा बघ कसा कापतो!"

तलासरीकडच्या ज्या पाड्याची ही गोष्ट आहे, तिथे तेव्हा जमीन हादरत होती. काही वर्षं अधूनमधून हे चालूच होतं. मोठा भूकंप नव्हे, पण आधी जमिनीच्या पोटातून दूर कुठेतरी सुरुंग लावल्यासारखा आवाज यायचा आणि मग पायाखालचं सगळं एकदा झटक्याने हलायचं. हलून झालं की पुढचा हादरा कधी येईल याची वाट बघणं सुरू व्हायचं. ते वाट बघणं मला जास्त वाईट वाटायचं. माणसं बोलता बोलता मध्येच गप्प होत, कान देत आणि मग पुन्हा बोलू लागत. लहान मुलं ताटात जेवताना एक हात जमिनीवर ठेवत.

माझा पहिला हादरा लहानीच्या घरात झाला. लहानी ही त्या पाड्यावरची, तिशीतली, मजुरीला जाणारी बाई. तिचा मुलगा पाड्यावरच्या शाळेत दुसरीला होता. मी तिच्या चुलीजवळ बसून कोरा चहा पीत होते. मांडणीवरची भांडी आधी बारीक किणकिणली. मी वर बघितलं, तेवढ्यात लहानीने माझं मनगट धरून मला अंगणात ओढलंही होतं. मागे काहीतरी धपकन पडलं. कुडाची भिंत अजून थरथरत होती.

अंगणात बेन आधीपासूनच बसलेल्या होत्या. त्या भागात त्या कुणाच्याही छपराखाली जात नसत. ऊन असो, पाऊस असो, बेन बाहेरच बसायच्या. लोकांनी आधी वाईट वाटून घेतलं होतं, मग सवय झाली.

"तुला सांगितलं होतं ना, आत जाऊ नको," त्या मला म्हणाल्या, पण ओठ पांढरे पडले होते. लहानी दोघींकडे बघून म्हणाली, "दोघींना पाणी देते. तुमी शहरातली माणसं लवकर मरशाल."

शाळेच्या एका खोलीची भिंत या हादऱ्यांनी वरपासून खालपर्यंत चिरली होती. दुरुस्तीचं काम गावातल्याच एका ठेकेदाराला मिळालं. त्याने चिरेवर सिमेंट थापलं, वर पिवळा रंग दिला आणि काम झालं म्हणून सांगितलं. महिन्याभरात रंगाखालून चीर पुन्हा दिसू लागली. आता येत्या ग्रामसभेत काम समाधानकारक झाल्याचा ठराव व्हायचा होता आणि मुलं त्याच खोलीत बसत होती. बायकांचं म्हणणं साधं होतं. इंजिनिअर येऊन बघून जाईपर्यंत मुलांना तिथे बसवू नका. हे सभेत बोलायचं लहानीने ठरवलं. झाडाखालच्या सरावात ती रोज बोलायची आणि रोज मध्येच अडकायची.

ठेकेदाराला हे कळलं. एक दिवस तो घोलवडला आमच्या शेडवर आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बोलणं अगदी गोड. बरोबर एक माणूस, तो काहीच बोलला नाही, नुसता खोकी बघत फिरत राहिला.

"वाडीत पाला किती साठलाय, बेन," ठेकेदार म्हणाला. "उन्हाळा येतोय. जुनी झाडं, सगळं वाळलेलं. सांभाळा हो."

बेननी चष्मा काढून पुसला. "हो भाऊ, मला पण तीच भीती वाटते. तुम्ही लावणार आहात का आग?"

तो गडबडला. "मी कशाला लावू?"

"नाही, विचारलं. आपलं कळलेलं बरं."

तो हसला, पण त्याला ते जमलं नाही. गाडीचा आवाज दूर गेल्यावर बेन उठल्या, मागच्या नळाखाली दोन्ही मनगटं धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी हाक मारली तर म्हणाल्या, "थांब. भीती अजून नाही गेली."

त्याच आठवड्यात बाबा स्टेशनवरून परतले ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले. चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने त्यांना माझं नाव घेऊन विचारलं होतं, "मुलगी तलासरीच्या बाजूला फिरते ना? रस्ता खराब आहे तिकडे. जपायला सांगा."

बाबांनी आयुष्यभर गाड्यांना हिरवा-लाल दाखवला होता. लाल दिसला की थांबायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. "उद्यापासून जायचं नाही," ते म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती, पण तिने लाटणं हातात तसंच धरून ठेवलं होतं.

मी बेनना फोन केला. मला वाटलं, त्या मला धीर देतील.

"नको येऊ," त्या लगेच म्हणाल्या. "तुझे पप्पा बरोबर आहेत. मी येते त्यांना भेटायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेन आमच्या घरी आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. बाबांनी तयारीच केली होती. रस्ता, एकटी मुलगी, ठेकेदाराची माणसं, गाडी अंगावर घालणं, सगळं त्यांनी बोलून दाखवलं. बेन प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या.

"आणि बोअरवेलचे उघडे खड्डे," बाबांचं संपल्यावर त्या म्हणाल्या. "आणि विजेच्या तारा खाली लोंबतात. आणि पोरी तिकडची विहीर वाकून बघतात, ते तर मला बिलकूल आवडत नाही."

बाबा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना भांडायचं होतं आणि समोरचं माणूस त्यांच्याच बाजूला येऊन बसलं होतं. "मग तुम्ही तरी कशाला जाता?" शेवटी त्यांनी विचारलं.

बेननी मांडीवरची पर्स सरळ केली. "मला नाही माहीत, भाई," त्या म्हणाल्या. "बायका येऊन बसलेल्या असतात. वाट बघतात. मग जावं लागतं."

त्या गेल्यावर बाबा खिडकीत उभे राहून त्यांची स्कूटी बघत होते. कोपऱ्यावर वळायला त्यांना इतका वेळ लागला की मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत थांबल्या. "ही बाई एक दिवस मरणार," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "सभा कधी आहे? मी सोडतो तुला. आणि मी तिथेच थांबणार."

सभेच्या दिवशी सकाळीच ऊन चटकत होतं. सभा शाळेच्या त्याच खोलीत ठेवली होती. पिवळ्या भिंतीला नवा रंग दिलेला, त्याचा वास येत होता. ग्रामसेवक आत टेबल मांडून बसला होता, काही पुरुष आत जाऊन बसले होते. ठेकेदार दारात उभा राहून लोकांना आत घेत होता, घरचं कार्य असल्यासारखा.

बेन उंबऱ्याबाहेर थांबल्या. "मी आत येणार नाही. मला भीती वाटते."

"काम झालंय, बेन," ग्रामसेवक आतून म्हणाला.

"बेनला बकरीची पण भीती वाटते!" ठेकेदार मोठ्याने म्हणाला. आतले सगळे हसले. बाहेरच्या बायकाही हसल्या. मला बेनच्या वतीने इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली.

"हो, शिंगांची," बेन म्हणाल्या.

हसू ओसरलं. लहानी उंबऱ्याशी उभी होती. तिचा हात मुलाच्या खांद्यावर होता. "माझा पोर इथं बसतो," ती म्हणाली. आवाज कापत होता. "माना पण भीती वाटते. मी पण नाय येत आत."

ती बेनच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली. मग आणखी एक बाई, मग तिची सासू. बघता बघता सगळ्या बायका अंगणात बसल्या, आणि काही पुरुष आतून उठून बाहेर आले. ग्रामसेवकाने खोलीत नजर फिरवली. एवढ्या थोड्या माणसांवर सभा होत नव्हती. कपाळावरचा घाम पुसून त्याने टेबल उचलायला सांगितलं. टेबल झाडाखाली आलं.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. तो ग्रामसेवकाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला. ग्रामसेवक म्हणाला, "बेन, तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नाही. तुम्हाला सभेत बसता येणार नाही." ते नियमाला धरून होतं. बेन उठल्या आणि लांब, जिथे बाबा मोटारसायकलला टेकून उभे होते तिथे जाऊन थांबल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. लहानीने एकदा आमच्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांतली ती भीती मी अजून विसरले नाही. आपण तिला पुढे करून मागे सरलो, असंच मला वाटत होतं.

"सांगा ना त्यांना," बाबा बेनना हळूच म्हणाले.

"मला नाही बोलता येणार," बेन म्हणाल्या. त्यांनी माझा हात इतका आवळून धरला होता की बांगडी रुतत होती.

लहानी उभी राहिली. नाव सांगितलं, पाडा सांगितला आणि नेहमीसारखी अडकली. कोणीच हललं नाही. मग तिने मुलाकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली, "इंजिनिअर येऊन बघल, मग पोरं आत बसतील. तवर नाय."

"खोली पक्की आहे!" ठेकेदार ओरडला. "हा बघा, मीच बसतो आत." त्याने एक खुर्ची उचलली, खोलीत नेली आणि त्या भिंतीला पाठ लावून बसला. पायावर पाय टाकून.

"तुमची पोरं आणा," लहानी म्हणाली. "त्यांना बसवा इथं रोज."

तो उत्तर देणार, तेवढ्यात आवाज झाला. खोल, जड, जमिनीतून यावा तसा. अंगणातली प्रत्येक बाई उठून उभी राहिली. मुलांना छातीशी धरलं गेलं. बाबांनी मोटारसायकल सोडून दिली, ती आडवी पडली. आणि या सगळ्यांच्या आधी, खुर्ची मागे उडवून, चप्पल तिथेच टाकून, ठेकेदार खोलीतून धावत बाहेर आला होता. तो झाडापाशी येऊन थांबला तेव्हा त्याचे दोन्ही हात डोक्यावर होते.

जमीन हलली नाही. शाळेमागच्या रस्त्यावर एका डंपरने खडी ओतली होती. धूळ वर येताना दिसली तेव्हा सगळ्यांना कळलं.

कोणीही हसलं नाही. हसण्याइतका श्वास कुणाकडेच नव्हता. ठेकेदाराने हात खाली घेतले आणि त्याची नजर कुठेच ठरेना. तेव्हा बेन, ज्यांना सभेत यायची परवानगी नव्हती, लोकांमधून वाट काढत त्याच्याजवळ गेल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या भाऊ. मला पण वाटलं, आलाच."

त्याने बाटली घेतली नाही. पण ठराव झाला. इंजिनिअर येईपर्यंत मुलं त्या खोलीत बसणार नाहीत. पुढे इंजिनिअर आला, भिंतीवर ठोकून बघितलं आणि खोलीला कुलूप लावायला सांगितलं. मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागली. पत्रा तापतो, पण तो अंगावर पडला तरी मूल वाचेल, असं लहानी म्हणाली.

मे महिन्यात आमची शेड जळली. आम्ही आशागडला बायकांच्या बैठकीत होतो. फोन आला, तो मीच उचलला. घोलवडच्या वळणावरूनच धूर दिसत होता. आम्ही पोचलो तोवर खोकी, टेबल, छप्पर, सगळं गेलं होतं, आणि जवळची चिकूची झाडं अर्धी काळी होऊन उभी होती. पोलीस म्हणाले, शॉर्ट सर्किट असेल. कोणी लावली की लागली, हे आजही माहीत नाही. बेन फाटकापाशी उभ्या होत्या. मी वाट बघत होते, की आता त्या म्हणतील, मला भीती वाटते. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्या गप्प बसण्याने मी जेवढी घाबरले, तेवढी आगीने नाही घाबरले.

आठवड्याभरात भाऊ येऊन त्यांना नवसारीला घेऊन गेला. मला तलासरीला दुसऱ्या एका संस्थेत तसंच काम मिळालं. आता अनुभव होता. पहिले काही महिने रस्त्यावर मागून मोटारसायकल आली की मी कडेला थांबून ती पुढे जाऊ द्यायचे. अजूनही थांबते.

दिवाळीनंतर मी नवसारीला गेले. बेन चौथ्या मजल्यावर राहत होत्या, लिफ्ट वापरत नव्हत्या, म्हणून महिनोन्‌महिने खाली उतरल्याच नव्हत्या. बारीक झाल्या होत्या. पाड्याचं सगळं विचारलं. मी इकडचं तिकडचं सांगत राहिले, पण त्यांनी पुन्हा विचारलं, "लहानी?"

मग सांगावं लागलं. गावातली बरीचशी मजुरी ठेकेदाराच्या हातात होती. लहानीला आणि तिच्या नवऱ्याला कोणी कामावर घेईना. पाऊस संपल्यावर ती दोघं मुलाला घेऊन गुजरातेत वीटभट्टीवर गेली होती.

बेननी हातातली बशी खाली ठेवली. "मी निघून आले. माझा भाऊ होता. ती कुठे जाणार होती?" मग मला विचारलं, "कुठली भट्टी?"

"बिलीमोऱ्याजवळ."

"मग इथून जवळ," बेन म्हणाल्या आणि उठून चपला शोधू लागल्या.

आम्ही चार मजले एकेक पायरी उतरलो, मेमू लोकलने बिलीमोऱ्याला गेलो आणि तिथून रिक्षा केली. भट्टी लांबूनच दिसली. चिमणीतून धूर निघत होता. तो बघून बेननी रिक्षा रस्त्यावरच थांबवली. "मी पुढे नाही येणार. तू बोलाव तिला."

लहानी आली ती कोपरापर्यंत मातीने भरलेली. बेनना बघून तिने हात साडीला पुसले, पण जवळ आली नाही.

"मी घाबरून पळाले, लहानी," बेन म्हणाल्या.

"ठाऊक हाय," लहानी म्हणाली. "आमी तरी काय, पळूनच आलो. चल, सावलीत बस. ऊन लागल तुला."

आम्ही बाभळीखाली बसलो. लहानीने मुलाचं सांगितलं, तो भट्टीजवळच्या शाळेत जातो पण गुजराती कळत नाही म्हणून गप्प बसतो. मग म्हणाली, इथे पाण्याचे हाल होते, पिंप रिकामंच असायचं. बायकांनी मिळून मालकाकडे जायचं ठरवलं, आणि बोलायला हिलाच पुढे केलं. आता एक दिवसाआड टँकर येतो.

"एक दिवसाआड?" बेननी विचारलं. "रोज का नाही?"

लहानी माझ्याकडे वळली. "हिला घेऊन जा बाई," ती म्हणाली. "नायतर ही मला परत मालकाकडं धाडल."

मी हसले. बेन हसल्या नाहीत. पदराचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या भट्टीपलीकडच्या मालकाच्या खोलीकडे बघत होत्या.